हरकत घेणे म्हणजे कर बुडविणे नव्हे

मुळशी तालुक्यात ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची फेरआकारणी आली की गावात तीन प्रकारची माणसे दिसू लागतात. पहिला गृहस्थ मागणीचे बिल पाहून कपाळाला हात लावतो आणि मुकाट्याने पैसे भरतो. दुसरा पारावर बसून सरपंचाच्या नावाने बोटे मोडतो. तो पैसेही भरीत नाही आणि तक्रारही लिहीत नाही. तिसरा गावातील एखाद्या वजनदार पुढाऱ्याचे दार ठोठावतो आणि 'तेवढे बघा' असे सांगून घरी येतो. चौथ्या प्रकारचा माणूस क्वचितच आढळतो. तो आकारणी यादी मागून घेतो, आपल्या घराची नोंद वाचतो, चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत देतो आणि सुनावणीला हजर राहतो. दुर्दैव असे की, गाव त्याच्याकडे कर बुडवू पाहणारा किंवा कज्जेदलालीची खोड असलेला माणूस म्हणून पाहते.

वस्तुतः ग्रामस्वराज्य हा शब्द खऱ्या अर्थाने जगणारा गावात कोणी असेल, तर तो हा चौथा माणूस होय.

घरपट्टी हा लहान विषय वाटतो. राष्ट्रापुढील मोठ्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्यांना पंचायतीच्या बिलात डोके घालणे कमीपणाचे वाटण्याचाही संभव आहे. परंतु सामान्य माणसाचा शासनाशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो संसदेच्या पायरीवर नव्हे, तर ग्रामपंचायतीच्या खिडकीवर येतो. तेथे त्याला न्याय मिळत नसेल, तर लोकशाहीवरील व्याख्याने त्याने कोणत्या श्रद्धेने ऐकावीत?

आकारणी कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ अन्वये पंचायतीला इमारती व जमिनींवर कर बसविण्याचा अधिकार आहे. पूर्वी इमारतीच्या क्षेत्रफळावर ठरावीक दराने कर आकारला जात असे. ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे ज्याला सर्वत्र 'रेडी रेकनर' म्हणतात त्यातून, जमिनीचा दर घ्यावयाचा. बांधकामाचा दर घ्यावयाचा. घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा. निवासी, व्यापारी की औद्योगिक या वापराप्रमाणे भारांक लावावयाचा. आणि जे मूल्य निघेल त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर ठरवावयाचा. मातीचे घर, दगडविटांचे घर, सिमेंट काँक्रीटचे घर यांसाठी नियमांत किमान आणि कमाल दर दिलेले आहेत. त्या दोन मर्यादांमध्ये कोणता दर घ्यावयाचा हे मात्र पंचायतीनेच ठरवावयाचे असते. ही शेवटची गोष्ट फार थोड्या ग्रामस्थांना ठाऊक असते. 'सरकारने कर वाढविला' हे वाक्य पंचायतीच्या कार्यालयात सहज ऐकविले जाते. त्यातील किती वाढ सरकारच्या तक्त्याची आणि किती पंचायतीच्या ठरावाची, हे विचारावयास हवे.

आता हे गणित मुळशीत आणून पाहावे. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे, माण, हिंजवडी ही गावे एकेकाळी पुण्याहून दूर होती. पुणे त्यांच्यापर्यंत चालत आले. डोंगराच्या कुशीत गृहसंकुले उभी राहिली, माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती आल्या, आणि जमिनीचा दर तक्त्यात वर वर चढत गेला. त्या दरवाढीने ज्याने जमीन विकली त्याला पैसा मिळाला. ज्याने विकली नाही, जो गावठाणातील वडिलोपार्जित घरात राहून दोन म्हशी आणि भाताची चार खाचरे सांभाळतो, त्याच्या उत्पन्नात तक्त्यामुळे एका पैशाची भर पडलेली नाही. समजा, घराचे मूल्य दहा लाख रुपये धरले आणि दर हजारी एक रुपया असला, तर कर हजार रुपये होतो. शेजारच्या डोंगरावर संकुल झाले म्हणून तेच मूल्य तीस लाख धरले गेले, तर कर तीन हजार होतो. घर तेच, कुटुंब तेच, छपरावरील कौलेही तीच. मूल्य वाढले ते विकणाऱ्यासाठी. राहणाऱ्यासाठी वाढली ती फक्त पट्टी.

यावर असे उत्तर दिले जाते की, कर मालमत्तेवर आहे, उत्पन्नावर नाही. उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण म्हणूनच त्या मालमत्तेची नोंद तरी काटेकोर असली पाहिजे, आणि नेमके तेथेच सारे बिघडते.

पंचायतीच्या दप्तरातील 'नमुना ८' म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर आणि मालकाचे नाव असे सारे त्यात असते. त्यावरून 'नमुना ९' ही मागणीची नोंदवही तयार होते आणि भरलेल्या पैशाची पावती 'नमुना १०' वर मिळते. नमुना ८ मध्ये एक चूक शिरली की ती पुढच्या प्रत्येक बिलात मुक्काम करते. गोठा राहत्या घरात मोजला जातो. पडवीत चार बरण्या ठेवून बाईने गोळ्याबिस्किटे विकली की सारे घर 'व्यापारी' होते. चाळीस वर्षांचे घर दहा वर्षांपूर्वी डागडुजी केली म्हणून दहा वर्षांचे लिहिले जाते आणि घसाऱ्याचा लाभ जातो. दोन भावांची वाटणी झाल्यावर मधली भिंत दोघांच्याही मापात धरली जाते. वडील जाऊन पंधरा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहते, आणि घरातील माणसे ते देव्हाऱ्यामागे खोचून ठेवतात.

यांतील बहुतेक चुका कोणाच्या दुष्टाव्यातून होत नाहीत. एका ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून त्यास ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) कधी दोन-दोन गावे, शासनाच्या योजनांचे ढीग आणि संगणकात भरावयाची माहिती. तो घरोघर टेप घेऊन फिरेल अशी अपेक्षा करणेच अवघड आहे. जुन्या यादीवर नवा दर चढवून नवी यादी होते. तिची दुरुस्ती त्या घरात राहणारा माणूसच करू शकतो, कारण कोणती भिंत मातीची आणि कोणती विटांची हे त्याला ठाऊक असते.

आणि आज त्याच्या हाती साधनेही आहेत. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करण्याच्या कामाचा आरंभ पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली आणि गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ज्याच्या हाती ती पत्रिका आली आहे, त्याने तिच्यावरील क्षेत्र आणि नमुना ८ वरील क्षेत्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घराची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्ये घेतला. मावळ-मुळशीच्या गावांतून सैन्यात गेलेल्या माणसांची परंपरा जुनी आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा लागतो, एवढे न कळल्यामुळे सीमेवर उभा राहिलेला एखादा सुभेदार निवृत्तीनंतर पंचायतीच्या खिडकीवर पट्टी भरताना दिसत असेल, तर तो गावाचा दोष आहे. घराची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या नावे करण्याविषयीचे शासनाचे परिपत्रक तर २००३ चे आहे. आकारणीची यादी वाचावयास बसले की अशाही गोष्टी मार्गी लागतात.

कायद्याने हरकतीची वाट नीट आखून दिली आहे. पंचायतीने आकारणीची यादी तयार करावी, ती लोकांना पाहण्यासाठी ठेवावी, मुदत देऊन हरकती मागवाव्यात, त्या ऐकून घ्याव्यात आणि मगच यादी कायम करावी. तेथे समाधान झाले नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येते आणि तिच्या निर्णयावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मुळशीकरांसाठी ही वाट गावच्या चावडीवरून पौडला आणि पौडहून पुण्याला जाते. या रचनेमागचा विचार मोलाचा आहे. कर गावाने बसवावा आणि त्याचा न्याय न्यायालयात नव्हे, तर लोकांनीच निवडून दिलेल्या वरच्या पंचायतीत व्हावा. वकील नको, मुद्रांकाचा खर्च नको. भाऊबंदांचा वाद चार वडीलधाऱ्यांनी मिटवावा, ही आपल्या समाजाची जी जुनी रीत, तिचेच हे कायद्यातील रूप.

परंतु १९५८ च्या या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पंचायत समिती म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांची समिती. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि तिच्या पंचायत समित्यांची मुदत संपली. निवडणुका आरक्षणाच्या वादात अडकल्या आणि वर्षामागून वर्षे रखडल्या. जिल्हा परिषदेवर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पंचायत समितीवर गटविकास अधिकारी प्रशासक म्हणून बसले. वर्तमानपत्रांत याची चर्चा झाली ती कोणत्या पक्षाला किती जागा मिळतील एवढ्यापुरती. ज्या माणसाने घरपट्टीविरुद्ध अपील केले, त्याचे काय झाले हे कोणी विचारले नाही. त्याचे अपील ज्या समितीपुढे जावयाचे तिचे सर्व अधिकार गटविकास अधिकाऱ्याच्या हाती होते, आणि ज्या ग्रामसेवकाने आकारणी केली तो त्याच गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करीत होता. वसुली किती टक्के झाली याचा जाब वरून ज्याला विचारला जातो, तोच आकारणी कमी करावी की नाही याचा निवाडा करणार. अधिकारी कितीही सज्जन असो, ही न्यायाची रचना नव्हे. पुढचे अपील स्थायी समितीकडे म्हटले, तर तेथेही अधिकारीच. लोकनियुक्त संस्था नसणे म्हणजे उद्घाटनांना फीत कापावयास माणूस नसणे, एवढाच अर्थ ज्यांनी घेतला त्यांनी ही बाजू पाहिलेली नाही.

आकारणीच्या अन्यायाचा आणि त्याविरुद्ध लेखी बोलण्याचा पुणे जिल्ह्याला मोठा इतिहास आहे. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या काळातील जमीनमोजणीचे वर्णन आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस रुंद असा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत गावातील जाणत्या माणसांना घेऊन जमिनीची प्रत ठरविण्यावर भर होता. माप राज्याचे, पण साक्ष गावाची. इंग्रज आल्यावर ही साक्ष गेली. १८३० च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जी आकारणी केली, ती कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होती. हेलिबरीच्या महाविद्यालयात तो खुद्द माल्थसकडे अर्थशास्त्र शिकलेला. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा, असे त्याचे सूत्र. सूत्र निर्दोष आणि माहिती सदोष. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, गावे ओस पडू लागली, आणि अखेर गोल्डस्मिड व विंगेट यांना १८३६ मध्ये इंदापुरापासून नवी, हलकी आकारणी करावी लागली. आजच्या भांडवली मूल्याच्या सूत्राकडे पाहताना प्रिंगलची आठवण यावी, हे साहजिक आहे.

पुढे १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने फेरआकारणीत वाढलेल्या शेतसाऱ्याची गावोगाव चौकशी केली, आकडे जमविले आणि सरकारकडे अर्ज धाडले. ती माणसे दगड मारणारी नव्हती, तशी गप्प बसणारीही नव्हती. खादी अंगावर घेऊन दिल्ली दरबारात गेलेल्या सार्वजनिक काकांची आठवण सर्वांना असते; साऱ्याच्या आकड्यांवर बसून काम करणाऱ्या काकांची फारशी नसते.

आणि मुळशीने तर जमिनीचे मोल परक्याने ठरविले म्हणजे काय होते, हे स्वतःच्या अंगावर सोसले आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातील गावे पाण्याखाली जाणार हे ठरले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तुरुंगवास भोगला. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा जमिनीची किंमत सांगत होता आणि मावळा म्हणत होता की, ही वस्तू विकावयाचीच नाही. पुण्यातील काही सावकार मोबदला वाढवून घेण्यास तयार झाले. कसणारा माणूस 'जान किंवा जमीन' म्हणत राहिला. १९२४ च्या अखेरीस तो लढा ओसरला. धरण झाले. वीज मुंबईला गेली. ज्या तालुक्याच्या स्मृतीत हे आहे, त्या तालुक्यातील माणसाने आपल्या घराचे मूल्य दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्याप्रमाणे न वाचता मान्य करावे, हे पटत नाही.

आणखी एक विसंगती येथेच नोंदविली पाहिजे. याच अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये कारखान्यांनी कराऐवजी पंचायतीला ठोक रक्कम द्यावी, असा करार करण्याची सोय आहे. पिरंगुट, उरवडे, भरे या पट्ट्यात कारखाने आहेत, हिंजवडी-माणमध्ये तर बड्या कंपन्यांची रांगच आहे. कारखाना पंचायतीसमोर खुर्ची टाकून वाटाघाट करू शकतो, हा कायद्याने दिलेला अधिकार आहे आणि उद्योगाच्या वाढीसाठी तो असण्यास हरकत नाही. पण मग पांढरीतील घरवाल्याला हरकतीची साधी सुनावणी मिळावी, ही मागणी फार मोठी आहे काय?

गाव शहरात गेले की नियम पुन्हा बदलतात, हे सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक या मुळशीतील गावांना ३० जून २०२१ नंतर कळले. त्या दिवशी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायतीचा नमुना ८ जाऊन महापालिकेचे वार्षिक करपात्र मूल्य आले. येथे अपील करावयाचे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ अन्वये न्यायालयात जावे लागते. पंधरा दिवसांची मुदत, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असणे आवश्यक, आणि मागणीची रक्कम आधी भरावयाची. चावडीवर तोंडी बोलून काम भागविण्याची सवय असलेल्या माणसाला ही शिडी चढणे सोपे नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना पुण्यात १९७० पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत मध्यंतरी काढली गेली आणि २०२३ मध्ये परत आली, तेव्हाही पुष्कळांना 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून द्यावा लागला. ज्यांनी वाचले त्यांनी भरला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या हवेलीतील गावांत करवाढीचा रोष एवढा झाला की, २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. समाविष्ट गावांतील करवसुलीला शासनाने त्याच वर्षी स्थगितीही दिली. करप्रश्न वेळीच, घरागणिक, लेखी सुटला नाही की तो आंदोलनाचा आणि मग निवडणुकीचा प्रश्न होतो. मग जो निर्णय होतो तो कोणाचे क्षेत्रफळ चुकले होते हे न पाहता सरसकट होतो.

सरसकट सवलतींची ही सवय गावांनाही लागत आहे. २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात निवासी घरपट्टीच्या थकबाकीवर निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. तिजोरीत पैसा यावा हा हेतू योग्यच. पण ज्याने पोटाला चिमटा काढून दरवर्षी मार्चच्या आत पट्टी भरली त्याला काहीच नाही, आणि ज्याने दहा वर्षे बिल चुलीत घातले त्याला निम्मे माफ! प्रामाणिकपणाला असा दंड बसला की, पुढच्या अभियानाची वाट पाहण्याची वृत्ती बळावते. थकबाकीदारांतही चुकीच्या आकारणीमुळे अडून बसलेले लोक असतात. त्यांना सूट नको आहे, दुरुस्ती हवी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरपट्टी देणे हे गावाचे ऋण फेडणे आहे. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी, स्मशानभूमीचा रस्ता हे सारे त्यातूनच होते. दिल्लीहून वित्त आयोगाचा निधी येतो म्हणून पट्टी कशाला, असा युक्तिवाद मुळशीत ऐकू येतो. तो परावलंबनाचा युक्तिवाद आहे. ज्या गावाचा स्वतःचा पैसा नाही, त्याच्या ग्रामसभेला मत असूनही वजन नसते. हरकत घेणाऱ्याने म्हणूनच वाद नसलेली रक्कम भरावी आणि वादातील भागापुरते भांडावे. त्याच्या शब्दाला मग बळ येते.

आपल्याकडे 'तंटामुक्त गाव' ही कल्पना रुजली. २००७ मध्ये राज्याने ती मोहीम सुरू केली. त्याआधी नानाजी देशमुखांनी चित्रकूटच्या परिसरातील गावांत हेच काम करून दाखविले होते. परंतु तंटामुक्तीचा अर्थ कोणी तक्रारच करू नये, असा लावला गेला तर ती शांतता दबलेल्या माणसांची असेल. नानाजींच्या गावांत वाद होत. ते गावातच ऐकले जात आणि सुटत. आकारणीच्या यादीलाही हीच कसोटी लावावयास हवी.

हे काम सामाजिक कार्यकर्त्यांना सहज करता येण्याजोगे आहे. फेरआकारणीचे वर्ष आले की गावातील चार शिकलेल्या तरुणांनी देवळाच्या ओसरीवर दोन रविवार बसावे. यादीची प्रत घ्यावी. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याची नोंद वाचून दाखवावी, टेपने घर मोजावे, हरकतीचा अर्ज लिहून द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. वाडीवरच्या कातकरी कुटुंबापासून वाड्यातील पाटलापर्यंत सर्वांची यादी एकाच ओसरीवर वाचली गेली, तर त्या दोन रविवारांत समरसतेचेही थोडे काम होऊन जाईल.

शासनाकडे मागणे थोडे आहे. हरकतींच्या सुनावणीची तारीख ग्रामसभेत जाहीर व्हावी आणि प्रत्येक हरकतीवरील निर्णय कारणांसह लेखी मिळावा. निवडणुका लांबल्यामुळे पंचायत समितीवर यापुढे कधीही प्रशासक बसला, तर त्या काळात घरपट्टीची अपिले गटविकास अधिकाऱ्याने ऐकू नयेत. ती वसुलीशी संबंध नसलेल्या, महसूल किंवा न्याय विभागातील अधिकाऱ्याकडे द्यावीत. कलम १२४ मध्ये एका परंतुकाची भर घालून हे होऊ शकते. विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचे काम आहे, आणि मुळशीच्या आमदारांनी ते मांडावयास हवे.